सूर्याचा पीळ

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि खरं माना असा माझा आग्रहही नाही. पण किशनरावांच्या तुरीवर उडणारं ते फवारणीचं यंत्र सूर्यानं धरलं होतं, जत्रेत पोराचं मनगट धरावं तसं घट्ट. आणि मी माझ्या हातानं वळलेल्या कासऱ्यानं ते त्याच्या मुठीतून सोडवून आणलं.

चुडाव्याच्या फलाटावर त्या सकाळी मी हेच सांगायला बसलो होतो. ऐकणारे चौघं, आणि चौघंही मला लहानपणापासून नाहीतर लग्नापासून ओळखणारे. त्यामुळं सुरुवातीलाच निम्मी पंचाईत.

बाकाच्या मधोमध सविता बसली होती. आमच्या गल्लीतली सून. ड्रोन चालवायचं शिकून आलेली गावातली पहिली बाई. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, पण त्या सकाळी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची, पुन्हा गुंडाळायची. तिच्या शेजारी बायनाबाई, बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्षा. ड्रोन त्यांच्या गटाला मिळालेला. उभे होते ते धम्मानंद गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवतात. आणि खांबाला टेकून किशनराव, ज्यांच्या तुरीत ते यंत्र पडलं.

आम्ही परभणीला निघालो होतो. शेतकी खात्याच्या साहेबांपुढं त्या दिवशी निकाल होता. यंत्र चालवणारीच्या चुकीनं पडलं असं ठरलं, तर ते दुरुस्त होऊन दुसऱ्या गावच्या गटाला जाणार. आणि सविता? तिच्या नवऱ्यानं ऊसतोडीच्या टोळीत नाव दिलेलं होतं. हातात रिमोट राहिला तर ती गावात राहणार, लेकीची शाळा चालू राहणार. रिमोट गेला तर हातात कोयता, आणि टोळीचा ट्रक दारात यायलाच झाला होता.

मी साक्षीदार. यंत्र पडलं तेव्हा सगळ्यांत जवळ मी होतो, एवढं मात्र चौघांनाही कबूल होतं.

"सटवाजी," किशनराव म्हणाले, "साहेबापुढं जाऊन निजामाच्या घोड्याचं सांगू नको म्हंजे झालं."

माझ्या दाराच्या चौकटीवर एक नाल असते. निजामाच्या फौजेतल्या काळ्या घोड्याची. तो घोडा आमच्या वाडवडिलांच्या विहिरीवर पाणी प्यायला आला आणि जाताना एका पायानं हलका होऊन गेला, हे मी सांगत आलोय आणि गाव हसत आलंय.

"घोडा राहू द्या," मी म्हटलं. "बायनाबाई, ते गाठोडं द्या इकडं. तुमची मांडी अवघडंल."

बायनाबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. उडवायच्या आधी यंत्राची पूजा झाली होती, तिचं निर्माल्य. यंत्र पडल्या पडल्या बायनाबाईंनी धावत जाऊन त्याच्या पायाचा हार आधी सोडवला आणि आहे तसा फडक्यात गुंडाळला, कारण पूजेची फुलं पायदळी आलेली आमच्याकडं चालत नाहीत. गाडी पूर्णेच्या पुलावर आली की खिडकीतून नदीत सोडायची, अशी रीत.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "फुलांचं काय वझं."

"मी दारातच उभा ऱ्हाणार हाय. पूल आला की सोडतो."

"मलाबी हात हायेत, आबा."

मग मी गोष्टीकडं वळलो.

माझ्या शेतातल्या आखाड्यावर पत्र्याचं एक खोपट आहे. पत्रा जुना, खिळ्यांची भोकं पडलेली. आत अंधार करून बसलं की प्रत्येक भोकातून खाली एकेक कवडसा पडतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय. माझंही तसंच होतं, इतकी वर्षं मी त्या कवडशांवर पाय देऊन फिरलो. पण दिवाळी झाली, अंबाडी भिजवून वाळवून झाली, मी कासरा वळायला खोपटात बसलो आणि माझ्या धोतरावर पडलेल्या कवडशात मला एक काळा ठिपका दिसला. धोतर झटकलं. ठिपका तिथंच. पाय सरकवला, कवडसा गुडघ्यावरून पोटरीवर आला, ठिपकाही त्याच्याबरोबर आला.

"माशी आसंल पत्र्यावर," किशनराव म्हणाले.

"माशी सगळ्या भोकांवर एकाच वेळी, एकाच जागी बसती का? मोठ्या भोकांचे कवडसे पुसट होते, पण बारीक भोकांच्या समद्या कवडशांत तो ठिपका होता."

हे मात्र गुरुजींनीही मान हलवून मान्य केलं. त्या दिवशी मीच त्यांना बोलवायला गेलो होतो. ते आले, कवडसा पाहिला आणि जमिनीवर उकिडवेच बसले. म्हणाले, आबा, हा कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र आहे, उलटं पडलेलं. आणि तो ठिपका सूर्यावर आहे, आपल्या पृथ्वीपेक्षा मोठा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतली दुर्बीण आणली. तिच्यातून कुणी पाहायचं नाही, डोळा जाईल, अशी आधी तंबी दिली. ती भोकाला लावून त्यांनी सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडला, भाकरीएवढा. आणि मग दिसलं की ठिपका एक नव्हता, टोळी होती. पुढं एक मोठा, भरीव, गोल डाग. मधे काळाकुट्ट, भोवती करड्या रेघांची झालर, डोळ्याच्या बाहुलीभोवती असते तशी. त्याच्या मागं बारीक बारीक तुकडे, फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या पसराव्यात तसे. सगळी रांग जराशी तिरपी, पुढचा डाग सूर्याच्या कमरेकडं झुकलेला.

मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी सूर्याला तीट लावली. आपण बाळाला लावतो तशी, नजर लागू नये म्हणून. मी तसं बोललोही.

"मग नजर कुणाची लागणार हाय सूर्याला?" बायनाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. त्याही पाहायला आलेल्या.

"सूर्याला न्हाई. ज्यानं स्वतः तीट लावलीय, त्याची नजर आपल्याला लागती," मी म्हटलं होतं. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. फलाटावर मात्र मी ते पुन्हा सांगितलं नाही.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातल्या कासऱ्याचं एक टोक खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, द्या पीळ.

"सूर्य घट्ट गोळा न्हाई आबा. तापलेला वायू हाय. त्याचं पोट जोरात फिरतं, डोकं आन् पाय मागं राहतात. त्याच्या आत चुंबकाच्या रेषा असतात, तुमच्या अंबाडीच्या धाग्यांसारख्या. पोट पुढं पळायलं की त्या रेषा ओढल्या जातात, अंगाभोवती गुंडाळल्या जातात. पीळ बसत जातो. द्या अजून."

मी दिला. हात भरून आले.

"आता टोक जरा जवळ आणा."

मी दोन पावलं पुढं सरकलो, आणि ताण सैल पडताच दोरी मधेच उसळली आणि कमान करून उभी राहिली. दोरी वळणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. आपण शिवी देऊन ती उलगडतो. गुरुजींनी मात्र वहीचा कोरा कागद घेतला, त्याला दोन भोकं पाडली आणि ती कमान खालून त्या भोकांमधून वर काढली.

"हा कागद म्हणजे सूर्याचं वरचं अंग. खाली पिळाचा जोर वाढला की दोरीचा तेवढा भाग भोवतालच्या वायूपेक्षा हलका पडतो. विहिरीत दाबलेला भोपळा वर यावा तसा वर येतो, आणि अंग फोडून कमान बाहेर पडते. जिथून बाहेर आली तो एक डाग, जिथून परत आत शिरली तो दुसरा. एकाचं तोंड उत्तर, दुसऱ्याचं दक्षिण. म्हणून डाग बहुतेक जोडीनं असतात."

"आन् काळे का?"

"तिथं चुंबकाचा जोर इतका, की खालची उकळी वर येत न्हाई. उष्णता अडते. भोवतालापेक्षा थंड म्हणून काळा. पण तो डाग एकटाच उचलून रात्री आभाळात ठेवला, तर चांदण्यापेक्षा जास्त उजेड पाडंल."

इतकं सगळं मी फलाटावर जसंच्या तसं सांगितलं. खोटं सांगायचं असेल तर आधी पुष्कळसं खरं सांगावं लागतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

घंटा झाली. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली होती. सविता दचकली. बायनाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं गाठोडं मांडीवर नीट सरकवलं. सरकवताना त्या क्षणभर थांबल्या, हात तिथंच राहिला.

मी घाईनं गोष्ट पुढं रेटली.

डागांची टोळी रोज मोठी व्हायला लागली. रोज ती कवडशात थोडी पुढं सरकलेली असायची, कारण सूर्य फिरतो तसे डागही त्याच्याबरोबर फिरतात. आणि किशनरावांच्या तुरीवर फवारणी ठरली त्याच्या आदल्या दिवशी गुरुजींचा चेहरा उतरला. मोठ्या डागाच्या पायापाशीच खालून दुसरी कमान वर आली होती. जुन्या दोरीचे पाय अजून रोवलेले, त्यात नव्या दोरीचे पाय घुसले. उत्तर आणि दक्षिण, दोन्ही एकाच करड्या झालरीत अडकलेले.

"असा गुंता शांत ऱ्हात न्हाई," गुरुजी म्हणाले होते. "ताण वाढला की रेषा तुटतात आन् दुसऱ्याच रेषांना जाऊन जुळतात. त्यात मोठा भडका उडतो. त्याचा उजेड आठ मिनिटांत इथं येतो. उपग्रहाकडून येणारे संदेश बिघडू शकतात. सविताला सांगून ठेवा, उडवायच्या आधी रिमोटच्या पडद्यावर बघून घे म्हणावं."

मी सकाळी सकाळी तिच्या दारात गेलो. ती यंत्राच्या बॅटऱ्या मोजत होती.

"सविता, आज उडवू नको. सूर्याला पीळ पडलाय."

"आबा, गेल्या साली तुमी मला विहिरीत मगर हाय म्हणून सांगितलं होतं."

"ती होती."

"सरडा होता."

"पण हे गुरुजींनीच सांगितलंय."

"गुरुजींनी बघून घे म्हणलंय, उडवू नको म्हणलं न्हाई." तिनं माझ्याकडं पाहिलं. हसत होती, पण डोळे तांबारलेले, रात्रभर झोप नसावी. "आबा, शेंगात अळी शिरायली. किशनकाकांनी समद्या भावकीला बघायला बोलावलंय. आज न्हाई उडालं तर म्हणतील, बाईला जमंना. मग मला कोण बोलवंल?"

मी घरी आलो आणि दारात बराच वेळ उभा राहिलो.

"तिथं काय केलंत?" बायनाबाईंनी मधेच विचारलं.

"कुठं?"

"दारात उभं ऱ्हाऊन."

"विचार केला," मी म्हटलं. "द्या बरं ते गाठोडं. गाडी यायली."

"अजून दिसंना गाडी. तुमी सांगा."

तर शेतात. किशनरावांची तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, पिवळी धमक, खाली हिरव्या शेंगा. शेताला लागूनच रेल्वेचा रूळ आणि त्यावर विजेच्या तारा. बांधावर सगळी भावकी. सविता आणि बायनाबाईंनी यंत्र दोन बाजूंनी उचलून गोल फिरवलं. यंत्राच्या एका पायात होकायंत्र आहे, त्याला उत्तर दिशेची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर आपलं तोंड कुठं आहे हेच त्याला कळत नाही. ते झालं, सविता सरसावली, आणि किशनराव आडवे आले.

"नवी वस्तू पूजेबिगर माझ्या रानात उतरणार न्हाई."

"मी मागं घेतो का आता?" खांबापाशी किशनराव म्हणाले. "आजही तेच म्हणीन."

सविता म्हणाली, पूजा करा, पण पंख्यांना काही बांधायचं नाही, आणि लोखंडाची वस्तू जवळ आणायची नाही. होकायंत्र चळतं. सगळ्यांनी ऐकलं. किशनरावांनी विळा लांब नेऊन ठेवला, पोरांनी मोबाइल काढून तिकडंच ठेवले, मी सगळ्यांच्या देखत कंबरेचा अडकित्ता काढून बांधावर ठेवला. मग नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार खालच्या एका पायाला गुंडाळला, काळा दोरा बांधला. हाराची गाठ सैल होती. ती मीच नीट आवळली, वाकून, दोन्ही हातांनी. म्हाताऱ्या माणसाच्या हातून पूजेतलं तेवढं तरी व्हावं.

"पडद्यावर उपग्रहांचा आकडा पुरेसा होता," सविता हळूच म्हणाली. फलाटावर तिनं तोंड उघडलं ते पहिल्यांदाच. "मी बघितलं होतं, गुरुजी. दोनदा."

"मला माहीत हाय," गुरुजी म्हणाले.

यंत्र उठलं. तुरीची फुलं खाली झोपली. बायकांनी पदर तोंडाला लावले. माणसाच्या दोन उंचीवर ते थांबलं, आणि तिथं थांबायला हवं होतं. ते थांबेना. डावीकडं सरकलं, स्वतःला सावरायला गेलं आणि भलतीकडंच गेलं. मग गोल. घाण्याच्या बैलासारखं एक फेरा मारला, दुसरा त्याहून मोठा, तिसरा त्याहून मोठा. टाकी औषधानं भरलेली. चौथ्या फेऱ्यात ते बांधावरच्या माणसांच्या डोक्यावरून गेलं आणि भावकी जमिनीवर पालथी पडली. पाचवा फेरा रुळाकडं निघाला.

आणि तेवढ्यात गाडीची शिट्टी.

सविताचा चेहरा मी पाहिला. ओठ पांढरे. पुढं विजेची तार, खाली येणारी पॅसेंजर, आणि हवेत औषधाची टाकी घेऊन भोवंडलेलं यंत्र.

आता पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. मी खांद्यावरचा कासरा काढला, त्याला फास केला आणि धावलो. माझं वय विचारू नका. तुरीतून धावलो, दोन्ही हातांनी झाडं बाजूला सारत, आणि यंत्र डोक्यावर आलं तसा फास भिरकावला. तो बरोबर त्याच्या पायात बसला. आणि यंत्रानं मला उचललं.

"उचललं," किशनराव म्हणाले.

"पाय जमिनीपासून सुटले माझे. तुरीचे शेंडे पोटाला लागत होते. वर बघतो तर सूर्य, आणि त्याच्यावर तो गुंता, उघड्या डोळ्यांनी दिसला मला, सळसळायलाय. मला उमगलं. यंत्र फिरायलंय ते सूर्याच्या पिळाच्या दिशेनं. दोरी वळणाराला पीळ काढायचा कसा हे सांगावं लागत न्हाई. मी कासऱ्याला उलटा पीळ दिला. एक, दोन, तीन. आन् यंत्र शांत झालं. सूर्यानं मूठ उघडली. मी ते रुळापासून मागं ओढलं आणि तुरीत उतरवलं. एक पाय मोडला, दोन पंखे गेले. पण तार वाचली, गाडी वाचली."

"तुमी बाभळीमागं बसला होता, सटवाजी," किशनराव म्हणाले. "डोक्यावर टोपली घेऊन."

"ते नंतर."

"आबा," सविता म्हणाली. "मी बटन सरकवून यंत्र हातावर घेतलं होतं. मग ते उपग्रहाचं, होकायंत्राचं काहीच ऐकत न्हाई, नुसतं माझ्या अंगठ्यांचं ऐकतं. तवा ते वळलं. मीच आपटवलं त्याला तुरीत. तारंपेक्षा तूर बरी म्हणून."

"त्याच येळेला मी पीळ काढला. दोन्ही मिळून झालं, पोरी. साहेबापुढं तुझं मी आधी सांगीन. पण फिरवलं सूर्यानं, हे मात्र ठासून सांगायचं. तू चुकली न्हाई, सूर्य चुकला. गुरुजी सांगतील."

फलाटाच्या टोकाला रूळ जिथं वाकतो तिथं गुरुजी बघत होते.

"बोला की, गुरुजी."

"मी साहेबांना सांगीन की त्या दिवशी सूर्यावर मोठा गुंता होता," ते सावकाश म्हणाले. "हे खरं हाय. पण आबा, तो तुटला दुपार कलल्यावर. भडका तवा उडाला, सगळ्या जगानं नोंदवला. यंत्र पडलं सकाळी. सकाळी सूर्य शांत होता. मला त्यांनी येळ विचारली तर मी खोटं बोलणार न्हाई."

सविताच्या बोटावरचा पदर सुटला आणि तिनं तो पुन्हा गुंडाळला नाही.

"भडक्याचा उजेड आधीच येऊन गेला आसंल," मी म्हटलं. "सूर्याला काय घड्याळ हाय?"

"आन् दुसरं," गुरुजी माझ्याकडं न बघता म्हणाले. "उपग्रह बिघडले की यंत्राला आपली जागा कळत न्हाई, ते उडी मारतं, भरकटतं. वाढत्या फेऱ्यांनी गोल गोल फिरतं ते दिशा चुकल्यावर. होकायंत्राला कुणीतरी खोटी उत्तर दिशा दाखवली की तसं होतं. पण सविता तर म्हणते, सकाळीच लावून घेतलं होतं."

"घेतलं होतं," सविता म्हणाली. "बायनाकाकू होत्या की धरायला. नीट लागलं होतं."

"मग साहेब म्हणतील, तुला लावता आलं न्हाई," किशनराव म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांनी तंबाखूची पुडी उघडली आणि तशीच मिटली.

लांब वळणावर इंजिनाचा दिवा दिसला. मी उठलो, धोतर झटकलं आणि सरळ हात पुढं केला.

"चला. द्या गाठोडं, बायनाबाई. गर्दी आसंल."

बायनाबाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं.

"मघाधरनं तुमी चारदा मागितलं हे गाठोडं," त्या म्हणाल्या. "सुकलेल्या झेंडूसाठी."

"रीत हाय म्हणून."

"सकाळी तुमाला हाक मारायला दारात आले होते मी. म्हणलं, चौकटीवर काहीतरी कमी दिसायलंय, ध्यानात येईना." त्यांनी गाठ सोडायला घेतली. गाठ कडक झाली होती, त्यांनी ती दातानं ओढली. "आन् मघा मांडीवर सरकवलं तर टोचलं. झेंडू टोचत न्हाई, आबा."

फडकं उघडलं. काळी पडलेली फुलं, हळदीनं पिवळा झालेला दोरा, आणि त्या दोऱ्यानं हाराच्या पोटात नीट आवळून बांधलेली, खिळ्यांच्या भोकांची, तळहाताएवढी नाल.

गाडीच्या आवाजानं फलाट हलायला लागला होता. कुणी गाडीकडं बघत नव्हतं. गुरुजींनी खिशातून पोरांना शिकवायचं छोटं होकायंत्र काढलं आणि नालेजवळ धरलं. काटा थरथरला, आणि उत्तर सोडून नालेकडं वळून उभा राहिला.

मी म्हणायला गेलो की निजामाचा घोडा काही साधा घोडा नव्हता. पण सविता माझ्याकडं बघत होती.

बायनाबाई उठल्या. नाल त्यांनी फुलांतून वेगळी काढली, फुलं पुन्हा फडक्यात बांधली आणि नाल माझ्या पुढं केलेल्या हातावर ठेवली.

"खोटं बोलायलाव, आबा. सूर्यानं काहीच केलं न्हाई. त्याची नजर लागू नये म्हणून तुमी ही बांधली, आन् हिनंच पोरीचं यंत्र फिरवलं. फुलं मी सोडते पुलावरून. ही तुमी न्या साहेबापुढं, आन् सांगा कुणी बांधली ते."